क्रांजीचा रविवार

२२ ऑक्टोबर २०२५, बुधवार

पाडवा. ताट केलं, निरांजन लावलं, सुपारी ठेवली — आणि तशीच उभी राहिले! ओवाळू कोणाला? सवयीने केलं सगळं. हात आपले चालत राहतात, डोकं मागून येतं.

जाई तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "डू फॉर मी लाह, आई." आज नवऱ्याला ओवाळतात गं, म्हटलं. तर म्हणे, "देन बाबाज् फोटो." एवढी ओरडले तिच्यावर की पोरगी खोलीत जाऊन बसली. दहा वर्षांची आहे. तिचं काय चुकलं? पण फोटोला दिवा, फोटोला हार हे गेलेल्या माणसाचं असतं. प्रबोध गेलेला नाही. बेपत्ता आहे.

जुलैपासून हाच शब्द. लाल समुद्रात जहाजावर क्षेपणास्त्र येऊन पडलं, इंजिनरूम पेटली, जहाज बुडालं. बाकीचे तराफ्यावर सापडले. पाच जण नाही सापडले. त्यात सेकंड इंजिनिअर प्रबोध. कंपनीचा माणूस फोनवर "अनअकाउंटेड फॉर" म्हणतो. जणू माझा नवरा म्हणजे स्टोअरमधला एखादा नटबोल्ट!

जेवणं झाल्यावर आबा बोलले. सासरे ऑगस्टपासून इथे सिंगापुरातच आहेत, सातारचं घर बंद करून आमच्याजवळ आलेत. इतके दिवस त्यांनी विषय काढला नव्हता. आज म्हणाले, "ऋता, दिवाळी उरकली की माहुलीला जाऊन पालाशविधी करून घेऊ."

देह मिळत नाही तेव्हा पळसाच्या पानांचा माणूस करतात आणि त्याला अग्नी देतात. मला माहीत होतं. फक्त आपल्या घरात तो शब्द येईल असं वाटलं नव्हतं.

मी ताट उचललं आणि आत गेले. नाही म्हणजे नाही.

२३ ऑक्टोबर

भाऊबीज. दादाचा फोन तीनदा. उचलला नाही. "खचू नकोस" ऐकायचं नाहीये मला.

२६ ऑक्टोबर, रविवार

मंडळाचा दिवाळी कार्यक्रम काल. जाणारच नव्हते, पण जाईचा नाच होता. नाच झाला, टाळ्या झाल्या, आणि पडद्यावर एकदम प्रबोध! गेल्या गणपतीतला फोटो, झब्ब्यातला. फोटोभोवती झेंडूचा हार, खाली समई, आणि "वीर नाविक प्रबोध यांना भावपूर्ण श्रद्धांजली". मागे बासरी. सगळं सभागृह उभं राहिलं. मी पण उभी राहिले — आणि जाईला ओढत बाहेर आले. तिचे घुंगरू वाजत होते कॉरिडॉरभर.

स्मिता मागून पळत आली. मंडळाची सेक्रेटरी आणि माझी इथली सगळ्यात जुनी मैत्रीण. "अगं, सगळ्यांना वाटत होतं काहीतरी करावं त्याच्यासाठी..." करा ना! शोधा त्याला! हार कसले घालताय? असं मी लिफ्टसमोर ओरडले. स्मिता रडायला लागली. जुलैपासून दर आठवड्याला डबा घेऊन येते ती. आता तिच्याशीही वाकडं घेतलं. छान.

आबा सोफ्यावर जागेच होते. काय झालं ते जाईने सांगितलं असावं. मला दूध गरम करून दिलं.

२९ ऑक्टोबर, बुधवार

जाईला शाळेचा प्रोजेक्ट — रिमेंबरन्स संडे. युद्धात गेलेल्यांच्या आठवणीचा दिवस. यंदा नऊ नोव्हेंबरला क्रांजीच्या युद्धस्मारकावर तो होणार. सगळे विषय सोडून हिला हाच मिळावा!

बसले तिच्याशेजारी लॅपटॉप घेऊन. पहिलं महायुद्ध थांबलं अकरा नोव्हेंबरला, म्हणून अकरा नोव्हेंबर. सकाळी अकराला दोन मिनिटं सगळं बंद, ट्रामसुद्धा. मग दुसरं युद्ध आलं, तेव्हा दारूगोळ्याच्या कारखान्यांचं काम थांबू नये म्हणून दिवस हलवला जवळच्या रविवारवर. म्हणजे मेलेल्यांसाठी थांबायचं, तेही सुट्टीच्याच दिवशी! मॅनेजमेंट सगळीकडे सारखंच. मी एचआरमध्ये आहे, मला आश्चर्य वाटायचं कारण नाही.

पण एक गोष्ट वाचून मी थांबले. लंडनला सेनोटाफ, म्हणजे युद्धस्मारक, उभारला तो एका संचलनापुरता. लाकडाचा, वर प्लॅस्टर, नंतर काढून टाकायचा होता. पण मेलेले सैनिक घरी आणलेच नव्हते सरकारने, जिथे पडले तिथेच पुरले. कितीतरी तर सापडलेच नाहीत. मग घरच्या बायकांनी, आयांनी त्या लाकडी खोक्यापाशी इतकी फुलं आणून टाकली की तो हलवायची सरकारची छाती झाली नाही. शेवटी दगडात बांधला. आपल्या एस्प्लनेडचा सेनोटाफ त्याच्याच धर्तीवर. कितीदा त्याच्यापाशी बसून आइस्क्रीम खाल्लंय आम्ही तिघांनी!

"सेनोटाफ मीन्स एम्प्टी टूम," जाईने वाचून दाखवलं. "नोबडी इनसाइड वन. देन व्हाय दे क्राय देअर?"

मी लॅपटॉप बंद केला.

३१ ऑक्टोबर, शुक्रवार

पाया लेबारला ऑफिसात होते, दापोलीहून फोन आला. हेमचंद्रची आई. हेमचंद्र जहाजावर थर्ड इंजिनिअर — त्या पाचातला दुसरा मराठी मुलगा. प्रबोधच्या हाताखाली शिकला, लग्न व्हायचंय.

बाईंना कुठून कळलं कोण जाणे. म्हणाल्या, "ऋताताई, तुम्ही तो विधी करताय असं ऐकलं. करू नका हो. तुम्ही केलात की माझ्या घरचे पण करतील. ते म्हणतात, मोठ्या साहेबांच्या घरी केलं की आपणही करू. तुम्ही थांबलात तर मी थांबवू शकते."

मी म्हटलं, मी करत नाहीये. त्या म्हणाल्या, "शपथ?" शपथ, म्हटलं.

पँट्रीत जाऊन नळ सोडून रडले. बाहेर आले तर एकजण ऑफर लेटरवर सही मागायला उभा.

२ नोव्हेंबर, रविवार

आज आबांनी दौलतकाकांचं सांगितलं. एवढ्या वर्षांत कधी नीट सांगितलं नव्हतं. भिंतीवरच्या फोटोत नसलेला एक काका होता, एवढंच मला ठाऊक.

आबांच्या वडिलांचा थोरला भाऊ. इंग्रजांच्या पलटणीत सॅपर. पूल बांधायचे, पूल उडवायचे. बेचाळीस साली सिंगापूर पडलं तेव्हा इथेच होता. त्यानंतर पत्र नाही. मग सरकारी कागद आला — बेपत्ता. आबांचे आजोबा म्हणाले, मेला असं कुठे लिहिलंय? लिहून येऊ दे, मग बघू. ते लिहून आलं तोवर कोणाच्यात धीर उरला नव्हता काही करायचा. विधी राहिलाच.

आणि त्याची बायको, थोरली काकू, राहिली. आबा तिच्याच हाताखाली वाढले. कपाळभर कुंकू, हातभर हिरव्या बांगड्या. घर सोडून कुठे मुक्कामाला जायची नाही. तिची आई गेली तेव्हा माहेरी गेली आणि दिवस कलायच्या आत परत! "ते आले आणि मी नसले तर?" आबा शाळेतून यायचे तर ती ओट्यावर. कॉलेजातून यायचे तर ती ओट्यावर. केस पांढरे झाले तरी बूट वाजले की मान वर व्हायची. गेली तेव्हा सवाष्ण म्हणून हिरवं लुगडं नेसवून नेलं. "नवरा चाळीस वर्षांपूर्वी मेलेला, आणि आम्ही तिची ओटी भरतोय," आबा म्हणाले.

मग म्हणाले, "मला माझ्या पोराला अग्नी द्यायची हौस आहे का गं? कुंकवाचं, मंगळसूत्राचं तुझं तू बघ, मी एका शब्दाने बोलणार नाही. पण दर फोनला तू कशी उठतेस ते मी बघतोय ना. एक बाई मी जन्मभर तशी उठताना पाहिली. दुसरी नाही बघवणार, पोरी."

मला त्यांचा राग करता आला असता तर किती सोपं झालं असतं!

५ नोव्हेंबर

फोन वाजला. उठले. विमा कंपनीचा होता. आबांनी मान फिरवली.

९ नोव्हेंबर, रविवार

क्रांजीला गेलो. जाईला प्रोजेक्टसाठी जायचं होतं, आबांना दौलतकाकांसाठी. मी टॅक्सीत बसले कारण दोघांना एकटं सोडवेना. अंधार होता निघालो तेव्हा.

टेकडी, हिरवळ, पांढऱ्या दगडांच्या रांगा. वर ते मोठं स्मारक आणि त्याच्या भिंतीच भिंती, वरपासून खालपर्यंत नावं. ज्यांना कबरच नाही त्यांची. किती! मला वाटलं होतं असतील शे-दोनशे. मान मोडेस्तोवर नावं.

कोटातले लोक, मेडलं, छातीवर पॉपीची कागदी लाल फुलं. एका म्हाताऱ्या शीख गृहस्थांनी आबांना पॉपी लावून दिली. बिगुल वाजला. मग दोन मिनिटं. इतकी माणसं आणि कोणी खोकलंही नाही. जाईने माझा हात घट्ट धरला होता. मी मनात म्हणत होते, मी गेलेल्यांसाठी उभी नाही, मी नुसतीच उभी आहे. पण तसं राहता येत नाही हो तिथे. मग सगळ्या धर्मांच्या प्रार्थना झाल्या. संस्कृत कानावर आलं आणि आबांनी हात जोडले.

गर्दी पांगल्यावर सॅपर्सचा खांब शोधला. आबांना दिसेना. जाईने फोनचा कॅमेरा लावून एकेक नाव मोठं करून वाचलं. "आबा! डी-ए-यू-एल-ए-टी! सेम सरनेम!" उंचावर होतं. आबांनी हात वर केला, पुरला नाही. जाईला उचललं मी, तिचाही पुरला नाही. मग आबा खालच्याच दगडाला हात लावून उभे राहिले आणि हुंदके देऊन रडले. प्रबोधसाठी रडले नव्हते माझ्यासमोर. आज काकासाठी, काकूसाठी, प्रबोधसाठी — सगळ्यांसाठी एकदम.

"काकूला कोणी इथे आणलं असतं," म्हणाले, "एकदा हे नाव बघितलं असतं तिने, तर ओट्यावरून उठली असती."

मी वर बघत होते. त्या प्रत्येक नावाच्या घरी कोणीतरी ओट्यावर होतं. त्या लंडनच्या बायका काही वेड्या नव्हत्या. आत कोणी नाही हे त्यांना पक्कं माहीत होतं. त्यांना फुलं ठेवायला जागा हवी होती, एवढंच.

जाई परतताना म्हणाली, "आई, बाबा ऑल्सो गेट नेम ऑन वॉल?" नाही, राणी. तो सैनिक नव्हता. तो फक्त तेल आणि गहू नेणाऱ्या जहाजांची इंजिनं चालवायचा. त्याच्यासाठी कोणी भिंत बांधणार नाही. त्याचं जे काही करायचं ते आपणच.

हे बोलले आणि टॅक्सीतच मला कळलं, मी काय बोलले ते.

११ नोव्हेंबर, मंगळवार

आबांना हो म्हटलं.

दापोलीला फोन करायचं धैर्य झालं नाही. मेसेज टाकला. दोन निळ्या खुणा आल्या. उत्तर नाही.

२० नोव्हेंबर, गुरुवार — सातारा

संगम माहुली. कृष्णेचं पाणी गार, घाटावर ऊन कोवळं. गुरुजींनी दर्भावर पळसाची पानं मांडायला घेतली. पाय, पोट, हात. डोक्याच्या जागी नारळ. डोळ्यांना कवड्या. आबा कर्ता — बापाने लेकाचं करायचं!

मी बाजूला बसून बघत होते आणि राहवेना. म्हटलं, गुरुजी, तो एवढा बुटका नव्हता. गुरुजी थांबले. उंच होता हो, म्हटलं, दारातून वाकून यायचा. आबा म्हणाले, "घाल तू." मग मी पानं घेतली आणि पाय लांब केले. एकेक पान. मांडीला, पोटरीला. घोट्यापाशी आल्यावर हातच थांबला. डाव्या घोट्याला त्याला बॉयलरच्या वाफेचा डाग आहे. होता.

आबांनी अग्नी दिला. पानं ओलसर, आधी नुसता धूर. मग धडधड पेटलं. जाईला दादाबरोबर वर देवळात ठेवली होती, तरी धूर तिला दिसला म्हणे.

मी मोठ्याने रडले, सगळ्या घाटावर ऐकू जाईल असं. जुलैपासून आत अडकलेलं सगळं बाहेर आलं. आबांनी डोक्यावर हात ठेवला. "झालं हं, पोरी. सुटला तो. तूही सूट."

२५ नोव्हेंबर

परत आलो, मी आणि जाई. आबा साताऱ्यालाच राहिले. म्हणाले, आता घरी राहीन. जाईचा प्रोजेक्ट लागला वर्गात. आबांचा फोटो आहे त्यात, दगडाला हात लावलेला.

१४ डिसेंबर, रविवार

बऱ्याच दिवसांनी सलग झोपले. सकाळी जाग आली ती जाईच्या हसण्याने, टीव्हीवर काहीतरी बघत होती. पाप केल्यासारखं वाटलं, पण झोपले.

स्मिताकडे गेले. आधी दोघी रडलो, मग तिने उपमा केला. आबांशी बोलले. ते रोज फिरायला जातात, मुठीत दाणे घेऊन, खारींना. आवाज मोकळा झालाय त्यांचा. केलं ते बरंच केलं म्हणायचं.

१५ जानेवारी २०२६, गुरुवार

हेमचंद्र जिवंत आहे!!

दापोलीहून त्याची आई. हसतेय की रडतेय कळेना. जहाज बुडालं त्या दिवशी काहींना दुसऱ्याच एका बोटीने उचललं आणि किनाऱ्यावर कुठेतरी डांबून ठेवलं. इतके महिने! कोणाला पत्ता नाही. आता सोडलंय, मस्कतला आणलंय. तो आणि एक फिलिपिनो खलाशी. "मी नाही करू दिलं हो, ऋताताई! घरात वैर घेतलं, पण नाही करू दिलं!"

आणि प्रबोध? कंपनीला फोन केला. त्यांच्याकडे दोघांचीच नावं, बाकी "डिटेल्स अवेटेड". पण काहींना उचललं म्हणजे किती? कोणाकोणाला? मागे कोणी उरलंय का?

आबांना कळवलं. मला भीती वाटत होती. पण ते एकदम लहान मुलासारखे झाले. "ऋता, तो आला ना, तर त्याचं पुन्हा बारसं करायचं! शास्त्रच आहे तसं. विधी झालेला माणूस परत आला की त्याचा नवा जन्म धरतात, नाव ठेवतात, त्याच बायकोशी पुन्हा लग्न लावतात. मी गुरुजींना विचारून ठेवतो. पाळणा माळ्यावर आहे. सहा फुटी बाळ!" हसले. मी पण हसले. देवा, हसले मी.

जाईला अजून सांगितलेलं नाही. हेमचंद्र हॉस्पिटलात आहे, रविवारी बोलू देतील म्हणे.

१८ जानेवारी, रविवार

हेमचंद्रशी बोलले. आवाज म्हाताऱ्यासारखा झालाय.

प्रबोध त्यांच्यातच होता. तिसरा. नोव्हेंबरभर धडधाकट. कोंडलेल्या खोलीतला बंद पंखा त्याने चमच्याने उघडून चालू केला. डिसेंबरात ताप भरला, औषध कोणी दिलं नाही. नाताळच्या आधी गेला. हेमचंद्रनेच माती दिली. "शेवटपर्यंत म्हणायचे, घरी वाट बघतायत, वहिनी."

हेमचंद्रला म्हटलं, हे सातारला कधी कोणाला सांगू नकोस. तुझ्या आईलाही नाही.

मग आबांचा फोन. "काय म्हणाला गं पोरगा?"

जहाजावरच गेला, आबा. पहिल्याच दिवशी, आगीत.

मग म्हणाले, "म्हणजे आपला विधी बरोबर झाला."

हो म्हटलं.